डीसीएस नवीन टाकलंय? आधी कंट्रोल लावा, मिसाईल नंतर

विमान धावपट्टीवर उभं आहे, हातात जॉयस्टिक आहे, थ्रॉटल पुढे ढकलला, विमान पळायला लागलं, उचललं आणि लगेच एका अंगाला कलंडून गवतात. परत. परत तेच. डीसीएस वर्ल्ड (कॉम्प्युटरवरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर गेम) पहिल्यांदा चालू करणाऱ्या बहुतेकांची पहिली संध्याकाळ अशीच जाते आणि मग माणूस म्हणतो की सिम्युलेटर फार अवघड आहे बुवा. मी पण तेच म्हणत होतो. आठ दिवस मी वाऱ्याला शिव्या घातल्या, मिशनमध्ये वारा शून्य केला, तरी विमान डावीकडेच. शेवटी कळलं की माझे पाय पॅडलवर टेकलेले होते आणि पॅडलचा एक अ‍ॅक्सिस (सलग हलणारा कंट्रोल) रोलला पण लागलेला होता. म्हणजे मी पायाने विमान कलंडवत होतो आणि हाताने सरळ करत होतो. ते मी एकदाही तपासलं नव्हतं, चूक माझीच.

तर सगळ्यात आधी हे समजून घ्या. डीसीएस कॉम्प्युटरला लागलेलं प्रत्येक उपकरण बघतं आणि ते जॉयस्टिकच आहे असं धरून त्याला आपल्या मनाने पिच (नाक वर-खाली), रोल (अंगावर कलंडणं), रडर (नाक डावी-उजवीकडे), थ्रॉटल (इंजिनची ताकद) वाटून टाकतं. नुसती एक स्टिक असेल तर हे ठीक चालतं. पण स्टिक, वेगळा थ्रॉटल, पॅडल आणि शिवाय एखादा गेमपॅड लावून ठेवलेला असेल तर तीन-चार उपकरणं मिळून एकच विमान ओढायला लागतात. म्हणून पहिलं काम लावायचं नाही, पुसायचं आहे.

पण त्याआधी विमान कोणतं? विकत काही घेऊ नका. गेमबरोबर दोन विमानं फुकट येतात, एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी. पहिलं रणगाडे मारायचं रशियन जेट, कॉकपिटमधली बटणं माउसने दाबता येत नाहीत, सगळं कीबोर्ड किंवा जॉयस्टिकवरून, पण शस्त्रं भरपूर. दुसरं म्हणजे मस्टँग, दोन जणांचं, शस्त्र एकही नाही, पण कॉकपिटमधला प्रत्येक खटका माउसने हलतो. उडवायला शिकायचं तर मस्टँग खडूस मास्तर आहे, पण शस्त्र चालवायची असतील तर एसयू-२५टी. मी म्हणेन एसयू-२५टी घ्या आणि किमान दोन-तीन आठवडे तेच एक विमान धरून ठेवा. नंतर दुसरं हवंच असेल तर गेमच्या स्टँडअलोन व्हर्जनमध्ये बऱ्याच मॉड्यूलना, म्हणजे वेगळ्या विकत मिळणाऱ्या विमानांना, १४ दिवसांची फुकट ट्रायल मिळते, तेव्हा घाई नाहीये.

गेम चालू करायच्या आधी दोन मिनिटं विंडोजमध्ये घालवा. रन उघडा, त्यात जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा, एंटर. तुमची उपकरणं दिसतील, एकेकाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टिक हलवून बघा. रेघ सरळ टोकापर्यंत जाते का, हात सोडल्यावर मध्ये येऊन थांबते का, की थरथरते? जुन्या पोटेन्शियोमीटरवाल्या स्टिक झिजल्या की थरथरतात, हॉल सेन्सरवाल्यांना (चुंबकावर चालणाऱ्या) हा त्रास कमी. इथेच गडबड दिसली तर गेममध्ये डोकं फोडण्यात अर्थ नाही. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे म्हणणारी टिक काढून टाका, नाहीतर ऐन डॉगफाइटमध्ये स्टिक झोपी जाते. एकदा ज्या पोर्टात लावलं त्याच पोर्टात कायम लावा, का ते पुढे सांगतो.

आता गेम. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स. हा पडदा बघून पोटात गोळा येतो, शेकडो ओळी, त्यापुढे प्रत्येक उपकरणाचा एकेक उभा रकाना. घाबरू नका. वर डाव्या बाजूला विमानाचं नाव निवडायची यादी आहे, आधी तिथे आपलंच विमान आहे ना बघा, कारण प्रत्येक विमानाची सेटिंग वेगळी असते आणि भलत्याच विमानाला अर्धा तास सेटिंग करत बसलेले लोक मी पाहिलेत (आरशात). त्याच्या शेजारच्या यादीत अ‍ॅक्सिस कमांड्स निवडा. शेकडो ओळींच्या जागी आता वीस-पंचवीस राहतील.

इथे प्रत्येक उपकरणाच्या रकान्यात एखाद्या चौकोनावर क्लिक करायचं आणि क्लिअर कॅटेगरी दाबायचं, म्हणजे त्या उपकरणाचे सगळे अ‍ॅक्सिस पुसले जातात. स्टिक, थ्रॉटल, पॅडल, गेमपॅड, सगळ्यांचे पुसा. फक्त माउसचा रकाना सोडा, त्यात कॅमेरा फिरवायचे अ‍ॅक्सिस असतात, ते लागतात. हेड ट्रॅकर (डोक्याची हालचाल टिपणारं उपकरण) असेल तर त्याचाही सोडा.

मग चारच ओळी भरायच्या. पिच, रोल, रडर, थ्रस्ट (म्हणजे थ्रॉटल). ज्या उपकरणाचा रकाना त्याच्या चौकोनावर डबल क्लिक, छोटी खिडकी उघडते, अ‍ॅक्सिस हलवा, नाव आपोआप येतं, ओके. स्टिकला पीळ देऊन फिरवता येत असेल तर तोच रडर. पॅडलवर पायाच्या बोटांनी दाबायचे ब्रेक असतील तर डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकचे अ‍ॅक्सिस पण आत्ताच लावा.

लावले म्हणजे बरोबर लागले असं नाही. मिशन चालू करून कॉकपिटमध्ये राइट कंट्रोल (कीबोर्डवरचं उजवं Ctrl) आणि एंटर दाबा. डाव्या कोपऱ्यात लाल रंगाची छोटी आकृती येते, त्यात स्टिकची जागा, रडर, थ्रॉटल सगळं दिसतं. ही आकृती म्हणजे नवख्याचा सगळ्यात मोठा मित्र, पहिले काही दिवस बंदच करू नका. स्टिक मागे ओढली की नाक वर जायला हवं. थ्रॉटल पुढे केला की रेघ वाढायला हवी, उलटं होत असेल तर अ‍ॅक्सिस ट्यूनमध्ये जाऊन इन्व्हर्टवर टिक करा. आणि पॅडलचे ब्रेक! हे खूपदा उलटे लागतात, म्हणजे पाय काढला की ब्रेक पूर्ण दाबलेला आणि पाय दाबला की मोकळा. लक्षण एकच, थ्रॉटल फुल्ल, इंजिन बोंबलतंय आणि विमान जागचं हलत नाही. इन्व्हर्ट केलं की सुटतं.

अजून एक बारीक गोष्ट, मिशन सुरू झाल्यावर थ्रॉटल एकदा पूर्ण मागे-पुढे करून घ्यायची सवय लावा. गेमला त्याची खरी जागा काही वेळा हलवल्याशिवाय कळतच नाही, आणि मग हवेत सुरू होणाऱ्या मिशनमध्ये तुम्ही चुकून हात लावता आणि इंजिन एकदम आयडलला (सगळ्यात कमी ताकदीवर) जातं. ऑप्शन्सच्या मिसलेनियस टॅबमध्ये मिशनच्या सुरुवातीला कॉकपिट आणि होटास (म्हणजे तुमची स्टिक-थ्रॉटल) जुळवून घ्यायची एक टिक आहे, ती पण करून बघा.

आता कर्व्ह. यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि अर्ध्या लोकांनी ते बिघडवून ठेवलेलं असतं. अ‍ॅक्सिस ट्यून उघडलं की एक आलेख दिसतो. डेडझोन म्हणजे मध्यभागी किती हालचाल झाली तरी गेमने दुर्लक्ष करायचं. स्टिक थरथरत असेल तर २ ते ५ ठेवा, नसेल तर शून्य. जास्त ठेवला तर हात हलतो आणि विमान हलत नाही, मग तुम्ही अजून ओढता आणि ते एकदम उडी मारतं. कर्व्हेचर म्हणजे मधल्या भागात स्टिकला किती मऊ करायचं. हे का लागतं बघा, खऱ्या विमानात स्टिक लांब असते, पायांच्या मधून वर येते, हाताला भरपूर जागा मिळते. टेबलावरची स्टिक वीतभर, तिचं टोक थोडंसं हललं तरी टक्केवारीत बरंच होतं. म्हणून पिच आणि रोलला १५ ते २० कर्व्हेचर दिलं की मध्ये हात सावध होतो आणि इंधन देणाऱ्या टँकर विमानामागे किंवा फॉर्मेशनमध्ये उडताना विमान डुचमळत नाही.

पण मधे मऊ केलं म्हणजे टोकाकडे तेवढंच कडक झालं, ते कुठे जात नाही. ४०-५० कर्व्हेचर लावणारे महाभाग आहेत, त्यांचं विमान सरळ जाताना लोण्यासारखं आणि वळणात मध्येच झटका देऊन स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच संपते. लांब एक्स्टेन्शन लावलेली, जमिनीवर बसवलेली स्टिक असेल तर कर्व्हेचर शून्य ठेवा, तिला गरज नाही. हेलिकॉप्टरला पण मी शून्यच ठेवतो, कारण तिथे स्टिक मध्ये नसतेच, कायम थोडी पुढे, थोडी बाजूला धरलेली असते, मग मधला मऊ भाग काय कामाचा. सॅचुरेशन नावाचे दोन स्लायडर आहेत, वाय कमी केलं तर विमानाला पूर्ण हालचाल कधीच मिळत नाही, सध्या त्यांना हातच लावू नका.

बटणांकडे येऊ. माझं मत ऐका, पहिल्या दिवशी पंधराच्या वर बटणं लावायची नाहीत. स्टिकवर वीस आणि थ्रॉटलवर तीस बटणं आहेत म्हणून सगळी भरून टाकायची हौस येते, मला पण आली होती, एका रविवारी सगळं भरलं आणि सोमवारी चाकं खाली करायला गेलो तर इंधनाची टाकी सोडून दिली. बोटाला जे आठवत नाही ते बटण लागलेलं असून नसल्यासारखंच.

मग कोणती? ट्रिगरला गन, अंगठ्याजवळच्या बटणाला शस्त्र सोडणं. एका हॅटच्या (अंगठ्याने चार दिशांना ढकलायचं छोटं बटण) चारही दिशांना ट्रिम, ते काय ते पुढे सांगतो. थ्रॉटलवर एअरब्रेक, चॅफ आणि फ्लेअर (शत्रूची मिसाईल चकवायला सोडायचे), रेडिओचा मेनू. पॅडल नसतील तर चाकांचा ब्रेक. शस्त्र बदलायचं एक, टार्गेट लॉक करायचं एक, लॉक सोडायचं एक. व्ह्यू मध्ये आणायचं एक. बस. चाकांना कीबोर्डवर जी, फ्लॅपला एफ आहेच, ते विमानतळाजवळच लागतात, तेव्हा हात मोकळा असतो. इजेक्शन लेफ्ट कंट्रोल धरून तीनदा ई असं आहे आणि ते तसंच राहू द्या, जॉयस्टिकवर आणू नका, हसू नका, लोक आणतात.

यादीत एखादी कमांड सापडत नसेल तर वरच्या शोधाच्या चौकोनात टाका. उलटं, एखादं बटण कशाला लागलंय ते बघायचं असेल तर त्या पडद्यावर असताना ते बटण दाबा, यादी उडी मारून त्या ओळीवर जाते. ओळीसमोर लाल खूण दिसली तर एकच बटण दोन ठिकाणी लागलंय, एक काढा. बटणं खरोखर कमी पडत असतील तर मॉडिफायर वापरा, म्हणजे करंगळीखालचं एक बटण मॉडिफायर म्हणून घोषित करायचं आणि ते दाबून ठेवलं की बाकी सगळ्या बटणांचा दुसरा अर्थ. एका बटणात सगळं दुप्पट.

आणि एक नियम मी फार उशिरा शिकलो, एकाच कामाला सगळ्या विमानांत एकच बोट. ट्रिम कायम त्याच हॅटवर, फ्लेअर कायम त्याच बटणावर. पुढे एफ/ए-१८सी घेतलंत तर त्यात शस्त्र निवडायचा एकच खटका असतो, पुढे ढकलला की स्पॅरो, आत दाबला की साइडवाइंडर, उजवीकडे अ‍ॅमराम (ही तिन्ही मिसाईलं), मागे गन. तो चार दिशा आणि दाबणं असलेल्या हॅटवर तसाच्या तसा बसवा. प्रत्येक विमानाची मॅन्युअल गेमच्या फोल्डरमध्ये मॉड्स, एअरक्राफ्ट, विमानाचं नाव, डॉक अशी आत सापडते, त्यात स्टिक आणि थ्रॉटलचं चित्र असतं, ते उघडून समोर ठेवून बटणं लावली तर अर्धं काम तिथेच होतं.

ट्रिमबद्दल थोडं थांबू, कारण हे कोणी नीट सांगत नाही. विमान ठरावीक वेगाला सरळ उडतं, वेग बदलला की नाक वर किंवा खाली जायला लागतं. तुम्ही स्टिक दाबून धरून ते सरळ ठेवता आणि वीस मिनिटांनी मनगट भरून येतं. ट्रिम म्हणजे तो दाब विमानाकडे सोपवणं. पद्धत अशी, आधी स्टिकने नाक हवं तिथे आणा, धरा, मग ट्रिमची हॅट टुक टुक अशी छोट्या टिचक्यांनी दाबत हातातला दाब हळूहळू सोडा. हॅट दाबून धरायची नाही आणि ट्रिमने विमान चालवायचं तर नाहीच. सराव सोपा आहे, एसयू-२५टी २००० मीटरवर न्या, ताशी ५०० किलोमीटर, ट्रिम करा, हात सोडून दहापर्यंत मोजा. मग थ्रॉटल वाढवा, वेग ६५० झाला की परत ट्रिम. मग कमी. असं अर्धा तास. कंटाळवाणं आहे पण नंतर टार्गेट शोधताना डोळे स्क्रीनवर आणि विमान आपलं आपलं सरळ, हे याच्याशिवाय होत नाही. ट्रिमचा पार गोंधळ झाला तर लेफ्ट कंट्रोल आणि टी, सगळं मूळ जागी.

बघायचं कसं हा पण कंट्रोलचाच भाग आहे. स्टिकवरच्या हॅटने मान फिरवणं चालतं, पण लढाईत शत्रू मागे गेला की तो दिसेनासा होतो आणि दिसेनासा झाला की संपलं. ट्रॅकआयआर हा विकतचा हेड ट्रॅकर परवडत नसेल तर ओपनट्रॅक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखून डोकं ट्रॅक करतं, उजेड समोरून पडेल एवढं बघा. त्यातही कर्व्ह असतात, मध्ये मऊ ठेवा म्हणजे श्वास घेतला तरी कॉकपिट हलणार नाही आणि थोडी मान वळवली की पार मागचं दिसेल. काहीच नसेल तर नंपॅड, ५ ने मध्ये, गुणाकार आणि भागाकाराच्या खुणांनी झूम. बसायची जागा खाली-वर वाटत असेल तर राइट कंट्रोल आणि राइट शिफ्ट धरून नंपॅडचे आकडे दाबा, सीट सरकते. मस्टँगसारख्या क्लिकवाल्या कॉकपिटमध्ये माउस कॅमेरा फिरवतोय की बटणं दाबतोय हे लेफ्ट ऑल्ट आणि सी ने बदलतं, हे माहीत नसल्यामुळे माउस बिघडला म्हणून वैतागणारे कमी नाहीत.

मस्टँगचं एक सांगून टाकतो कारण तिथे रडरचा कस लागतो. टेकऑफला स्टिक मागे ओढून धरा, त्याने शेपटीचं चाक लॉक राहतं, पुढे ढकलली की ते मोकळं सुटतं आणि विमान गरागरा. पॉवर एकदम नाही, हळूहळू, प्रोपेलरमुळे नाक डावीकडे ओढतं, त्यासाठी उजवा पाय. रडर ट्रिम आधीच ६ अंश उजवीकडे. रडरला डेडझोन मोठा ठेवला असेल तर इथे लगेच कळेल.

शस्त्रांकडे एवढं सगळं झाल्यावरच या. आणि येताना एक युक्ती, लेफ्ट शिफ्ट, लेफ्ट विंडोज आणि पॉज, याला अ‍ॅक्टिव्ह पॉज म्हणतात. विमान हवेत जागच्या जागी थांबतं पण बटणं चालू राहतात. विमान कुठे आपटेल याची काळजी न करता बोटं शिकवायला यासारखं काही नाही. एसयू-२५टी वर क्रम असा, ७ दाबून जमिनीवरच्या टार्गेटचा मोड, ओ दाबून श्क्वाल म्हणजे टीव्ही कॅमेरा चालू, डी ने शस्त्र बदलत विख्र मिसाईलपर्यंत जा, अर्धविराम, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि स्लॅशच्या बटणांनी कॅमेरा सरकवा, एंटरने लॉक, राइट शिफ्ट आणि ओ ने लेझर, सोडायची परवानगी एचयूडीवर (समोरच्या काचेवरच्या खुणांत) आली की शस्त्र सोडायचं बटण दाबून धरा. गंमत म्हणजे कॅमेऱ्याचीच ती चार बटणं राइट कंट्रोलबरोबर दाबली की ट्रिम होतात, म्हणूनच एक हॅट ट्रिमला आणि दुसरी कॅमेऱ्याला दिली की डोकं शांत राहतं. विख्र लेझरच्या किरणावर बसून जाते, त्यामुळे ती आदळेपर्यंत लेझर चालू आणि नाक साधारण टार्गेटकडेच हवं, सोडली आणि वळलो असं चालत नाही. उलट लेझर सतत चालू पण ठेवू नका, तो तापतो.

हा क्रम थांबलेल्या विमानात दहा-बारा वेळा करा, मग चालत्या विमानात. पहिल्यांदा चालत्या विमानात कराल तेव्हा लॉक होईपर्यंत रणगाडा तुमच्या पोटाखालून मागे गेलेला असेल. म्हणजे सुरुवात लांबून करायला हवी, १२-१५ किलोमीटरवरूनच कॅमेरा चालू, आणि विमान ट्रिम केलेलं.

सगळं मनासारखं लागलं की त्याच दिवशी बॅकअप घ्या. तुमच्या युजर फोल्डरमध्ये सेव्ह्ड गेम्स, त्यात डीसीएस, त्यात कॉन्फिग, त्यात इनपुट. हा आख्खा फोल्डर कॉपी करून दुसरीकडे ठेवा. आत प्रत्येक विमानाचा फोल्डर आणि त्यात प्रत्येक उपकरणाची फाइल असते, फाइलच्या नावात उपकरणाचा लांबलचक नंबर असतो. पोर्ट बदलला किंवा विंडोज नवीन टाकलं की हा नंबर कधी कधी बदलतो, गेमला वाटतं हे वेगळंच उपकरण आहे आणि तुमची मेहनत गायब. खरं तर गायब नसते, जुनी फाइल तिथेच पडलेली असते, कंट्रोल्सच्या पडद्यावर त्या उपकरणाच्या रकान्यात क्लिक करून लोड प्रोफाइलने ती जुनी फाइल उचलायची की सगळं परत. त्याच पडद्यावर मेक एचटीएमएल नावाचं बटण आहे, त्याने सगळ्या बटणांची यादी फाइल म्हणून निघते, छापून मॉनिटरच्या बाजूला चिकटवा.

आणि नवीन विमान घेतलं, नवीन पॅडल लावले, किंवा नुसता गेमपॅड चार्जिंगसाठी लावून ठेवला आणि विमान अचानक कलंडायला लागलं, तर राइट कंट्रोल एंटर दाबून लाल आकृती बघा, हात सोडल्यावर खूण मध्ये नसेल तर अ‍ॅक्सिस कमांड्समध्ये परत जाऊन कोण घुसलंय ते शोधा.